मेल हॅक झालं, पासवर्ड बदलला, तरी मेल गायब होतायत. अजून काय बघू?

गोंधळलेली_चिमणी

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय आणि घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.

मी घरून भाषांतराची कामं करते, सगळा व्यवहार मेलवर. दोन आठवड्यांपूर्वी एक मेल आला की तुमचा मेलबॉक्स भरलाय, २४ तासांत लॉगिन करा नाहीतर येणारे मेल बंद होतील. एरवी मी असल्या मेलना भीक घालत नाही, पण त्या दिवशी खरंच एका क्लायंटची मोठी फाइल यायची होती, एकीकडे मीटिंग चालू, दुसऱ्या हाताने फोनवर क्लिक केलं, पासवर्ड टाकला आणि ते पान नुसतं गरगरत बसलं. अर्ध्या तासाने डोक्यात प्रकाश पडला. लगेच पासवर्ड बदलला आणि विषय संपला असं समजून मोकळी झाले.

काल त्याच क्लायंटचा फोन. ती आता मैत्रीणच झालीय. म्हणे अगं तुझं खातं बदललं का, पैसे नव्या खात्यात टाका असा मेल आलाय. आमच्याच जुन्या मेलच्या खाली, उत्तर म्हणून! तिला शंका आली ती एवढ्यावरूनच की मी तिला कायम "अगं" करून लिहिते आणि त्या मेलमधे होतं "आदरणीय महोदया, कृपया नोंद घ्यावी". त्या महोदयेनेच वाचवलं. पण तिने आधी दोन मेल करून मला विचारलं होतं म्हणे, ते मला आलेच नाहीत, स्पॅममधेही नाहीत. पासवर्ड बदललाय, मग हा प्राणी अजून आत कसा?

जाता जाता अजून एक, सासूबाई फॅमिली ग्रुपवर आलेलं सगळं पुढे ढकलतात आणि प्रवासाला निघालो की स्टेशनवरूनच फेसबुकवर फोटो. त्यांना न दुखावता कसं सांगू?

खटपट्या

चिमणीताई, आधी हे करा मग बाकीचं वाचा. फोनवरचं अ‍ॅप नको, कॉम्प्युटरवर ब्राउझरमधे मेल उघडा, सेटिंग्जमधे जा आणि फिल्टर्स बघा. जीमेलमधे फिल्टर म्हणतात, आउटलुकमधे रूल. माझी पैज आहे, तिथे तुम्ही न बनवलेला एखादा नियम सापडेल, की अमुक व्यक्तीकडून किंवा अमुक शब्द असलेला मेल आला की वाचलेला म्हणून खूण करा आणि इनबॉक्समधून हलवा. म्हणून मैत्रिणीचे मेल दिसले नाहीत. ते स्पॅममधे नसणारच, आर्काइव्ह (इनबॉक्समधून बाजूला काढलेले मेल) किंवा ट्रॅशमधे शोधा. मग तिथेच फॉरवर्डिंगचा टॅब बघा, तुमच्या मेलची एक प्रत भलत्याच पत्त्यावर जात असेल. या दोन्ही गोष्टी पासवर्ड बदलून जात नाहीत. चोराने किल्ली परत दिली पण भिंतीला भोक पाडून ठेवलंय असा प्रकार.

आणि हे लोक पासवर्ड बदलून तुम्हाला बाहेर काढत नाहीत कारण त्यांना बाहेर काढायचंच नसतं. गुपचूप वाचत बसायचं, पैशांचा विषय निघाला की मधे शिरायचं. अर्धा तास भरपूर झाला त्याला.

भोक बुजवलं की रिकव्हरीचा मेल आणि फोन नंबर तुमचाच आहे ना बघा, कुठले अनोळखी डिव्हाइस लॉगिन आहेत ते काढा, कुठल्या अ‍ॅपला मेल वाचायची परवानगी दिलीय तेही तपासा, आणि हे सगळं झाल्यावर पासवर्ड परत एकदा बदला. मग टू-स्टेप लावा, म्हणजे लॉगिन करताना पासवर्डशिवाय अजून एक खूण, उदाहरणार्थ फोनवरचा कोड, लागते. लोक सोशल मीडियाच्या अकाउंटची काळजी करतात आणि मेलला विसरतात. अरे बाबांनो, बाकी सगळीकडे "पासवर्ड विसरलात?" दाबलं की लिंक येते कुठे? मेलवरच ना? मेल गेलं की सगळं गेलं.

जुनं_खोड

म्हणूनच मी दर महिन्याला पासवर्ड बदलतो. शेवटचा आकडा एकने वाढवायचा, विसरायची भीती नाही. सगळीकडे तोच, डोक्याला ताप नाही. नातू हसतो पण आजवर काही झालेलं नाही.

खटपट्या

@जुनं_खोड काका, नातवाला हसू द्या, त्याचं बरोबर आहे :) एखाद्या साइटवरून तुमचा जुना पासवर्ड फुटला तर शेवटचा आकडा एकने वाढवून बघायला चोराला काय वेळ लागतोय. आणि फुटतात हो. २०१३ मधे याहूची चोरी झाली त्यात तीन अब्ज अकाउंट होती, सगळीच्या सगळी. असे फुटलेले मेल आणि पासवर्ड घेऊन मशीन दुसऱ्या शेकडो साइटवर लावून बघतं, म्हणून "सगळीकडे तोच" हे जास्त वाईट. ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती नको असं अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनेच २०१७ मधे सांगितलं, कारण माणसं तुमच्यासारखाच आकडा वाढवतात. लांब पासवर्ड, प्रत्येक ठिकाणी वेगळा, आणि लक्षात ठेवायला पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका मुख्य पासवर्डखाली जपून ठेवणारं अ‍ॅप. फुटल्याचा संशय आला तर मात्र तासाभरात बदलायचा.

जुनं_खोड

बरं बाबा. त्या मॅनेजरचा पासवर्ड वहीत लिहिला तर चालेल का?

पाटी_पेन्सिल

काका चालेल की, वही कपाटात ठेवा. तुमची वही वाचायला परदेशातला चोर येत नाही.

चिमणी, तू स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. माझा जन्म कॉम्प्युटरवर काम करण्यात गेला आणि मीही एकदा पार्सलच्या मेलला फसलोय, कारण खरंच पार्सल यायचं होतं. या लोकांना आपलं अज्ञान नाही, आपली घाई लागते.

प्रेषकाच्या नावावर तर अजिबात जाऊ नका. मेल पाठवायची पद्धत १९८२ मधे ठरली तेव्हा पाठवणारा खरा की खोटा हे तपासायची सोयच ठेवली नव्हती, पाकिटाच्या मागे कुणाचंही नाव लिहून टाकावं तसं. आता मेल कंपन्या मागच्या मागे तपासणी करतात म्हणून बराच कचरा स्पॅममधे जातो, पण नाव अजूनही काहीही लिहिता येतं. फोनवर तर नुसतं नावच दिसतं, त्यावर टिचकी मारली तर खरा पत्ता दिसतो. इंग्रजी आर आणि एन चिकटून लिहिले की बारीक अक्षरात एम दिसतो, यावर कितीतरी लोक फसलेत.

लिंक वाचायची तर उलटी वाचा. पहिली एकेरी तिरकी रेघ शोधा आणि तिच्या डावीकडे मागे या. "बँकेचंनाव.कॉम.भलतंच.नेट/लॉगिन" असं असेल तर ती साइट भलतंच.नेटची आहे, पुढे बँकेचं नाव कितीही मिरवू दे. आणि ब्राउझरमधे पत्त्याशेजारी ते कुलूप दिसतंय म्हणजे सुरक्षित हे डोक्यातून काढा, कुलूप म्हणजे मधला कुणी वाचत नाही एवढंच, समोर चोरच बसला असेल तर त्याच्याशी तुम्ही अगदी सुरक्षितपणे बोलताय. क्रोमने तर २०२३ मधे ते चित्रच काढून टाकलं. मॅनेजरचा अजून एक फायदा, खोट्या साइटवर तो पासवर्ड आपणहून भरतच नाही. भरला नाही तर वैतागू नका, आधी पत्ता बघा. पासकी नावाचं जे नवीन आलंय, पासवर्डऐवजी फोनच्याच लॉकने लॉगिन करायचं, तेही असंच, दुसऱ्या साइटवर चालतच नाही.

रमा_आज्जी

मी स्वतः सासूबाई आहे म्हणून लिहिते. माझ्या सुनेने एकदा ग्रुपवर सगळ्यांसमोर "आई हे फेक आहे" लिहिलं. बरोबरच होतं, पण मी दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नाही. चिमणी, खाजगीत सांग, आणि सांगताना "तुम्हाला कळत नाही" असा सूर नको. माझ्या मुलाने मला नुसते ते दोन बाण दाखवले, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज खूप वेळा फिरून आलेला असला की वर दोन बाण येतात, आणि असा मेसेज २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. आता मीच सगळ्यांना विचारते, अरे दोन बाणवाला आहे, कुठून आला हा. मला शिकवू नका, मला काम द्या.

फोटोंचं म्हणशील तर आम्ही ठरवलंय की फोटो घरी परतल्यावर टाकायचे. घराला कुलूप आहे हे जगाला सांगायचं कशाला. नातवंडांच्या शाळेच्या गणवेशातले फोटो तर नाहीच. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर कुठे काढला ती जागाही त्याच्यासोबत जाऊ शकते, हे मला मागच्या महिन्यात कळलं.

शिवाय व्हॉट्सअ‍ॅप चालू करायला फोनवर येणारा सहा आकडी कोड कुणाला म्हणजे कुणालाच द्यायचा नाही, भाचीने मागितला तरी. भाचीला फोन करायचा. माझ्या बहिणीने दिला आणि तिचं व्हॉट्सअ‍ॅप गेलं, चोराने त्यावर स्वतःचा पिन लावला. बहिणीने नवा कोड मागवून टाकल्यावर चोर लगेच बाहेर पडला, पण हिला त्याचा पिन माहीत नाही म्हणून सात दिवस थांबावं लागलं. त्यापेक्षा आपला पिन आपणच आधी लावून ठेवलेला बरा, सेटिंग्जमधे टू-स्टेप व्हेरिफिकेशन असं आहे.

गोंधळलेली_चिमणी

खटपट्या, पैज जिंकलात! एक फिल्टर सापडला, मैत्रिणीच्या पत्त्यावरून काही आलं किंवा मेलमधे "बिल" शब्द असला की वाचलेलं करून थेट आर्काइव्ह. तिचे दोन्ही मेल तिथेच, शिवाय अजून एका क्लायंटचा, त्याला आत्ताच फोन केला, सुदैवाने पैसे पाठवले नव्हते. फॉरवर्डिंगमधे खरंच एक अनोळखी पत्ता. रिकव्हरी नंबर माझाच, पण चार वर्षांपूर्वी बंद केलेला!! म्हणजे चोर राहू दे, मीच मला आत घेऊ शकले नसते. सगळं बदललं. सगळ्या क्लायंटना कळवलंय की खातं बदललं तर मी फोन करून सांगेन, नुसत्या मेलवर विश्वास ठेवू नका. आणि मैत्रिणीला सांगितलं, "अगं" नसेल तर मी नाही.

रमाआज्जी, तुमचं ऐकून सासूबाईंना फोन केला, म्हटलं आई, ग्रुपवर दोन बाणवाले मेसेज तपासायचं काम तुम्ही घ्याल का. त्या म्हणाल्या घेते की, पण आधी सांग, मेल कुणाचं हॅक झालं होतं, माझं का तुझं?