‘शिमाउ’मध्ये हळहळ कुठून आली?

निहोंगो_विद्यार्थिनी:
जपानी शिकताना ‘ते शिमाउ’ (‘ते’ने संपणाऱ्या क्रियापदरूपाला जोडलेले ‘शिमाउ’) या रूपापाशी मी अडले आहे. ‘शिमाउ’ या क्रियापदाचा अर्थ आवरून ठेवणे, संपवणे असा आहे. परंतु ‘केकि ओ ताबेते शिमात्ता’ म्हणजे ‘केक खाऊन संपवला’ असेही होते आणि ‘खायला नको होता, तरी खाल्ला’ असेही. साध्या क्रियापदातून बोलणाऱ्याची हळहळ सांगणारे रूप कसे घडले असावे, आणि इंग्रजीतही असे घडते का?

भाषाभ्यासक:
स्वतंत्र शब्दाचे व्याकरणिक रूप होण्याला व्याकरणीकरण म्हणतात. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी १९१२ साली ही संज्ञा रूढ केली. अशा प्रवासात अर्थ बाहेरच्या घटनेकडून बोलणाऱ्याच्या दृष्टिकोनाकडे सरकतो, हे पुढे भाषाशास्त्रज्ञ एलिझाबेथ ट्रॉगॉट यांनी विस्ताराने मांडले. जी गोष्ट संपली ती परत फिरवता येत नाही, त्यामुळे ‘आता इलाज नाही’ असा सूर ऐकणारा संदर्भावरून काढत राहतो आणि तोच सूर कालांतराने रूपाला कायमचा चिकटतो. आपल्याकडे ‘नको त्या कागदावर सही करून बसलो’ म्हणताना कोणी बसलेले नसते, हेही त्याच जातीचे. मात्र जुना अर्थ पुसला जात नाही: गृहपाठ एकदाचा उरकला, हे समाधानाने सांगतानाही ‘शिमाउ’ चालते. बोलण्यात ‘ताबेते शिमात्ता’ झिजून ‘ताबेचात्ता’ होते, आणि ही झीजदेखील व्याकरणीकरणाची खूणच आहे.

जुनी_इंग्रजी:
इंग्रजीतले माझे आवडते उदाहरण ‘व्हाइल’ (while) हे आहे. मुळात ते ‘काळ’ या अर्थाचे नाम होते. इंग्लंडमधील पीटरबरो येथील बखरीत ११३७ सालच्या नोंदीत, स्टीफन राजा असताना एकोणीस हिवाळे हाल चालले, असे लिहिले आहे आणि तिथे ‘व्हाइल’ दोन घटनांचा काळ जोडते. पुढे त्याला ‘जरी’ हा अर्थ आला. ‘व्हाइल आय ॲग्री’ (मला पटत असले तरी) असे म्हणणारा आज काळाविषयी काही सांगत नसून, पुढे येणारा मुद्दा याच्या विरुद्ध जाणारा आहे, हे स्वतःचे मत नोंदवतो. ‘मस्ट’चेही (must) तसेच: आधी मुभा, मग सक्ती, आणि शेवटी ‘तो घरीच असणार’ हा बोलणाऱ्याचा तर्क.

वाक्यरचना_प्रेमी:
वरील विवेचन पटते. एक भर घालतो. जपानीत क्रियापद शेवटी येते म्हणून बोलणाऱ्याची वृत्ती दाखवणारी रूपे वाक्याच्या शेवटी गोळा होतात आणि इंग्रजीत ती आरंभी येतात, असे सरसकट म्हटले जाते. ‘इकिताइन् देसु केदो’ (जायचे आहे, पण…) येथे ‘केदो’ हे उभयान्वयी पद पुढचे वाक्य न आणता विनंती सौम्य करते, हे त्या मताला धरून आहे. परंतु त्याच ‘केदो’पासून बनलेले ‘दाकेदो’ वाक्याच्या आरंभी बसते, आणि इंग्रजीतील ‘दो’ (though, ‘तरी’) बोलण्यात वाक्याच्या अगदी शेवटी येते. त्यामुळे शब्दक्रमाचा ओढा मान्य केला, तरी त्याला नियमाचा दर्जा देणे मला योग्य वाटत नाही.