यशया ४८:१६ मध्ये त्रैक्य आहे की आपण घालतो?

निरुक्त
'इब्री संदेष्ट्यांनी त्रैक्य आधीच सांगून ठेवलं होतं' या लेखाला तिथे चार ओळींत उत्तर देता येईना, म्हणून हा वेगळा धागा. त्रैक्य म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही ख्रिस्ती श्रद्धा. लेखकाचे पुरावे: यशया ६:३ मधलं तीनदा 'पवित्र', देवासाठी येणारं इब्री नाम एलोहीम, जे रूपाने अनेकवचन, आणि यशया ४८:१६.

'कादोश' (पवित्र) तीनदा आलं म्हणून तीन व्यक्ती? यिर्मया ७:४ मध्ये 'परमेश्वराचं मंदिर' तीनदा येतं. तिथे मंदिरं मोजायची का? यहेज्केल २१:२७ मध्ये 'उलथापालथ' तीनदा. इब्रीत जोर असाच देतात. वर १९४७ साली मृत समुद्राजवळ कुमरानला सापडलेल्या यशयाच्या मोठ्या गुंडाळीत ६:३ ला 'कादोश' दोनदाच आहे. मग काय, द्वैत?

वसईकर
एकच शब्द लागोपाठ तीनदा आला की नकलणाऱ्याची नजर घसरते, एक गळतो. सेप्टुअजिंटात, म्हणजे जुन्या ग्रीक भाषांतरात, तीनदाच आहे. सोयीचं तेवढंच हस्तलिखित उचलू नका.

आणि यशयाला ३८१ चा मतांगिकार (त्रैक्य मांडणारा चर्चचा विश्वास-जाहीरनामा) पाठ होता असं कोण म्हणतंय? छाया म्हणतो आम्ही, व्याख्या नाही. तिसरा पुरावा मात्र नुसता मोजून सोडलात! ४८:१२-१३ मध्ये 'मी आदी, मीच अंत, माझ्या हाताने पृथ्वीचा पाया घातला' म्हणणारा बोलतोय. तोच १६ मध्ये म्हणतो, प्रभू परमेश्वराने मला आणि आपल्या आत्म्याला पाठवलं. पाठवणारा, पाठवलेला, आत्मा. मोजा आता.

निरुक्त
मोजतो. मूळ वाक्याचा शेवट 'शेलाखनी वेरूखो': 'मला पाठवलं' आणि पुढे 'व त्याचा आत्मा'. आता हा आत्मा पाठवणाऱ्यांत की पाठवलेल्यांत? निश्चित कर्माआधी येणारं 'एत' इथे नाही, पण काव्यात ते सर्रास गळतं, म्हणजे त्यावरूनही निकाल लागत नाही. ग्रीककडे जावं तर आत्म्यासाठीचा शब्द 'प्नेउमा' नपुंसकलिंगी, कर्त्याचं आणि कर्माचं रूप एकच. हे वाक्य दोन्हीकडे वळतं हे तिसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती विद्वान ओरिजेनलाही दिसलं होतं. तुम्ही मात्र एक अर्थ धरून मोकळे.

शिवाय त्या वाक्याआधी 'वेअत्ता', म्हणजे 'आणि आता', आहे. तिथे बोलणारा बदलून संदेष्टा स्वतः बोलू लागतो असं वाचता येतं. ६१:१ ची धाटणी बघा: 'प्रभू परमेश्वराचा आत्मा माझ्यावर आहे.'

तिरकस
एवढी शब्दांची चिरफाड कशाला? एलोहीम म्हणजे आदरार्थी बहुवचन. 'बाबा आले.' संपलं.

कानामात्रा
कसलं संपलं! प्रत्येक धाग्यावर हेच 'बाबा आले' येतं म्हणून एकदाचं सांगते. मराठीत 'बाबा' तसाच राहतो आणि क्रियापद अनेकवचनी होतं. इब्रीत नेमकं उलट: उत्पत्ती १:१ मध्ये नाम अनेकवचनी, पण क्रियापद 'बारा' (म्हणजे 'निर्माण केलं', दहा-दोन नव्हे) एकवचनी. जवळचं उदाहरण हवं तर यशया १९:४ घ्या, 'अदोनीम काशे', कठोर धनी. नाम अनेकवचनी, विशेषण एकवचनी, आणि धनी एकच माणूस. १ राजे ११:३३ मध्ये तर सीदोन्यांच्या एकट्या अश्तोरेथ देवीलाही हेच अनेकवचन लावलंय. तिथे कोण त्रैक्य शोधतं?

वसईकर
ठीक, एलोहीम सोडलं. पण उत्पत्ती १:२६ मधलं 'नआसे', 'आपण करू'? तिथे क्रियापदच अनेकवचनी आहे.

निरुक्त
स्वर्गातली सभा, देव देवदूतांशी बोलतोय. यशया ६:८ मध्येही 'आमच्यासाठी कोण जाईल', आणि सराफीम, म्हणजे पंखवाले स्वर्गीय सेवक, समोरच उभे.

वसईकर
सभेने माणूस घडवला? पुढच्याच वचनात, १:२७ ला, 'बारा' पुन्हा एकवचनी, 'आपल्या प्रतिरूपाचा'. निर्मितीत देवदूतांना हात घालू देत नाही तो. मग 'आपण' कोण?

निरुक्त
हा मुद्दा मान्य, सभेचं उत्तर १:२७ ला अडखळतं. पण अडखळलं म्हणून त्या जागी बरोब्बर तीनच कसे बसतात? 'आपण' दोघांचंही असतं, सातांचंही.

तिरकस
म्हणजे एलोहीम गेलं, सभा अडखळली, कादोश दोन की तीन ते ठरेना. मी 'बाबा आले' परत घेतो. बाबांना घरी पाठवा.

कानामात्रा
'पाठवा' आज्ञार्थ. कर्ता कोण ते लिहा, नाहीतर तोही ४८:१६ सारखाच लोंबकळेल.