केमोथेरपीला दाद न देणाऱ्या पेशी आणि मायटोकॉन्ड्रिया : मदत हवी आहे

नमस्कार. जैवरसायनशास्त्राच्या एम.एस्सी. सेमिनारसाठी मी अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया (एएमएल) या रक्ताच्या कर्करोगातील औषधरोध हा विषय घेतला आहे आणि एका मुद्द्यावर अडलो आहे.

सायटाराबिन हे केमोचे औषध डीएनएची प्रत तयार होऊ देत नाही, परंतु त्यानंतर पेशी मरणार की तगणार, हे पुष्कळदा मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतील ऊर्जाकेंद्रांच्या, बाह्य आवरणावर ठरते. बॅक्स आणि बॅक ही प्रथिने त्या आवरणाला भोके पाडतात, सायटोक्रोम सी हे आतले प्रथिन बाहेर गळते आणि कॅस्पेज विकरे पेशीचा शेवट करतात. बीसीएल-२ आणि एमसीएल-१ ही प्रथिने मात्र अशी भोके पडू देत नाहीत. पेशी मृत्यूच्या किती जवळ आहे हे मोजणाऱ्या बीएच३ प्रोफायलिंग या चाचणीत डिजिटोनिन या रसायनाने पेशीपटल सच्छिद्र करून बीएच३ पेप्टाइड (मृत्यूचा संकेत देणाऱ्या प्रथिनांचा छोटा तुकडा) आत सोडतात आणि किती मात्रेला सायटोक्रोम सी सुटते, ते पाहतात. थोडक्या मात्रेत सुटले, तर ती पेशी सहसा केमोलाही लवकर बळी पडते. इथवर शंका नाही.

कर्करोगाच्या पेशी ऑक्सिजन असतानाही ग्लुकोजचे लॅक्टेट करतात (हे काम मायटोकॉन्ड्रियाबाहेर होते), हे वॉरबर्ग यांचे निरीक्षण सगळ्यांनाच ठाऊक आहे. त्यावरून मायटोकॉन्ड्रिया जणू निकामी असतात, असा समज मात्र उगाच पसरला आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, मानवी एएमएल पेशी रुजवलेल्या उंदरांना सायटाराबिन दिल्यावर ज्या पेशी उरल्या, त्यांचे ऑक्सिडेटिव्ह फॉस्फोरिलेशन (मायटोकॉन्ड्रियात ऑक्सिजन वापरून होणारी ऊर्जानिर्मिती) आणि मेदाम्लांचे ज्वलन उलट जोरात चाललेले आढळले. अस्थिमज्जेतील स्ट्रोमल (आधार देणाऱ्या) पेशी ल्युकेमियाच्या पेशींना आपल्या मायटोकॉन्ड्रिया देऊन केमोपासून वाचवतात, हेही दाखवले गेले आहे.

माझा प्रश्न असा, की वाढलेली ऊर्जानिर्मिती आणि सायटोक्रोम सी सहजासहजी न सोडणे, हे एकाच बदलाचे दोन परिणाम आहेत की स्वतंत्र बदल? मला स्वतःला दुवा आतील आवरणाच्या घड्यांत, म्हणजे क्रिस्टींत, दिसतो. कारण सायटोक्रोम सी तिथेच साठलेले असते, ही ऊर्जानिर्मिती चालवणारी श्वसनसाखळीही तिथेच असते, आणि क्रिस्टींची घडण राखणारे सीएलपीबी हे प्रथिन काढून टाकल्यास एएमएल पेशी व्हेनेटोक्लॅक्स या औषधाला पुन्हा बळी पडतात. अडचण ही, की व्हेनेटोक्लॅक्स बीसीएल-२ला रोखते, शिवाय अझासायटिडिन या दुसऱ्या औषधाच्या जोडीने ल्युकेमियाच्या मूळपेशींतील ऑक्सिडेटिव्ह फॉस्फोरिलेशनही मंदावते. त्यामुळे त्या औषधावरून दोन्ही परिणाम वेगळे काढता येत नाहीत.

ऑलिगोमायसिन या रसायनाने एटीपी सिंथेज (एटीपी हा ऊर्जारेणू बनवणारे विकर) बंद करून मग बीएच३ प्रोफायलिंग केले, तर निष्कर्ष विश्वासार्ह ठरेल का, की आवरणाचे विद्युत्‌विभव बदलल्याने मोजमापच बिघडेल? हे तंत्र प्रत्यक्ष हाताळलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.