सल्ला हवा: १९९३ चा 'मास्टर ऑफ ओरायन' आजच्या खेळाडूंसाठी नव्याने करताना काय ठेवावे, काय बदलावे?

मुलुंडवासी:

नमस्कार. मी आणि अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला माझा भाचा, असे आम्ही दोघे सुट्टीच्या दिवसांत एक काम हाती घ्यायचे म्हणत आहोत. त्याआधी येथील जाणकारांचे मत हवे आहे. सिमटेक्सने तयार केलेला आणि मायक्रोप्रोजने १९९३ साली बाजारात आणलेला 'मास्टर ऑफ ओरायन' हा डॉसवरचा गेम अनेकांना आठवत असेल. गेम-समीक्षक ॲलन एमरिच यांनी 'फोर एक्स' हा शब्द पहिल्यांदा वापरला तो याच गेमबद्दल लिहिताना. शोध, विस्तार, उपसा आणि उच्छेद ही चौकडी आज सगळ्या अंतराळ-व्यूहाच्या गेममध्ये दिसते, तिचे बारसे येथे झाले.

मी तो १९९६ च्या सुमारास गिरगावात मावसभावाच्या ४८६ संगणकावर खेळलो. फ्लॉप्या लॅमिंग्टन रोडवरून आल्या होत्या; कशा आल्या ते विचारू नये. गेल्या महिन्यात रीतसर विकत घेतलेली प्रत डॉसबॉक्समध्ये (डॉसवरचे जुने गेम आजच्या यंत्रावर चालवणाऱ्या आज्ञावलीत) लावून भाच्यापुढे ठेवली, तर त्याने वीस मिनिटांत हात टेकले. चित्रांबद्दल त्याची तक्रार नव्हती, उलट ती त्याला आवडली. तो एवढेच म्हणाला, "मामा, मी आत्ता नक्की काय ठरवायचं आहे, तेच कळत नाही." प्रत्येक ग्रहाला पाच पट्ट्या आहेत, जहाजे, संरक्षण, उद्योग, पर्यावरण आणि संशोधन, एक ओढली की बाकीच्या आपोआप सरकतात, आणि का सरकल्या ते कोणी सांगत नाही.

मग मी स्वतः एक प्रयोग केला. मोबाइलवर डॉसबॉक्स चढवून सर्वांत मोठी, १०८ ताऱ्यांची आकाशगंगा निवडली आणि आठवडाभर लोकलमध्ये खेळलो. शेवटी शेवटी मुलुंडला सुरू केलेला एक टर्न, म्हणजे खेळातली एक पाळी, घाटकोपर आले तरी संपला नव्हता, आणि त्या वेळात मी खरा निर्णय घेतला होता फक्त एक: कुठल्या वंशाशी तह मोडायचा. बाकी सगळा वेळ पट्ट्या सारण्यात गेला.

प्रश्न असे. मूळ गेमच्या फायली वापरून फक्त नवे इंजिन (गेम चालवणारी आज्ञावली) लिहावे, की सगळेच नव्याने करावे? कोणते नियम बदलावेत? आणि गेम मराठीतून खेळता यावा अशी भाच्याची हौस आहे, ती कितपत झेपेल?

टाचणी:

कोड लिहायला बसण्यापूर्वी 'रेमनंट्स ऑफ द प्रिकर्सर्स' खेळून पाहावा, ही विनंती. पहिल्या ओरायनचीच ती जावामधली मोफत, मुक्त स्रोत पुनर्निर्मिती आहे. मूळ फायली हाताशी ठेवून नवे इंजिन चालवायचे असेल तर 'वन-ऊम' आहे. 'फ्रीओरायन' वेगळ्या वाटेने जातो. तो त्या मालिकेपासून स्फूर्ती घेतो, पण नियम स्वतःचे ठेवतो. हे तिन्ही पाहिल्यावर तुमच्याकडे वेगळे सांगण्यासारखे काय उरते, ते एका वाक्यात लिहून काढा. ते वाक्य जमले नाही, तर नवा गेम करण्यापेक्षा यांपैकी एखाद्या प्रकल्पाला हातभार लावलेला बरा.

व्याध:

टाचणी यांच्या सूचनेशी मी सहमत आहे. फक्त मुलुंडवासी यांनी ते वाक्य जवळजवळ लिहिलेलेच आहे, असे मला वाटते. एका टर्नमध्ये एकच निर्णय होता आणि बाकी सगळी हमाली होती, हे निरीक्षण फार मोलाचे आहे. तुमचा गेम ही हमाली काढण्यासाठी असावा. मात्र हमाली काढताना टंचाईला हात लावू नका, कारण या गेममध्ये दोन्ही गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या आहेत आणि नव्याने करणारे बहुतेक लोक तेथेच चुकतात.

उदाहरण देतो. मूळ गेममध्ये एका वेळी जहाजांच्या सहाच रचना ठेवता येतात. सातवी हवी असेल तर आधीची एक मोडीत काढावी लागते, आणि त्या रचनेची आकाशगंगेत जितकी जहाजे असतील ती सगळी तिच्याबरोबर जातात. आजचा खेळाडू पहिल्या तासाभरातच विचारेल की सहाच का, साठ का नाहीत? साठ देणे सोपे आहे, पण मग जुने, तरीही कामाला येणारे आरमार मोडून नव्या तोफांवर पैज लावायची की नाही, हा प्रश्नच उरत नाही, आणि त्या प्रश्नापायी मी कॉलेजात असताना किती रात्री जागलो ते सांगत बसत नाही. तंत्रज्ञानाचेही तसेच आहे. सहा शाखांतले सगळे शोध प्रत्येक डावात प्रत्येकाच्या वाट्याला येत नाहीत. जे आले नाही ते देवघेव करून, हेरगिरी करून किंवा दुसऱ्याचा ग्रह जिंकून मिळवावे लागते. ही उणीव भरून काढली की मुत्सद्देगिरीचा पडदा उघडायचे कारणच संपते.

हमाली काढण्याचा अतिरेकही होऊन गेला आहे. २००३ साली आलेल्या तिसऱ्या भागात ग्रहांचा कारभार सुभेदारांवर सोपवला होता. कल्पना वाईट नव्हती, पण आपण नुसते 'पुढचा टर्न' दाबत आहोत आणि राज्य दुसरेच कोणी चालवत आहे, अशी भावना खेळाडूंना झाली. म्हणून ग्रह आपोआप चालवू नका. धोरण एकदा सांगण्याची सोय करा. 'नवी वसाहत आधी लोकसंख्या वाढवील, मग कारखाने उभारील, मग संशोधनाकडे वळेल' असे खेळाडूने एकदा ठरवावे. त्यानंतर गेमने फक्त धोरणात न बसणारे ग्रह पुढे आणावेत आणि ते का बसत नाहीत हे एका ओळीत सांगावे. १०८ ताऱ्यांच्या डावातही दर टर्नला चार-पाच ग्रहच समोर यायला हवेत.

टाचणी:

धोरणाची सोय चांगली आहे, पण सुरुवातीच्या तीस-चाळीस टर्नमध्ये ती बंद ठेवावी असे माझे मत आहे. पाच ग्रह असताना पट्ट्या हाताने ओढणे ही हमाली नसते. गणित बोटांत उतरते ते तेव्हाच. पट्ट्या का सरकल्या ते मात्र त्याच जागी दिसले पाहिजे. उद्योग वाढवला की प्रदूषण वाढते आणि ते साफ करायला पर्यावरणाच्या पट्टीला वाटा लागतो, एवढे वाक्य पट्टीखाली आले असते तर आपला भाचा वीस मिनिटांत उठला नसता.

कलमवाली:

नियमांपेक्षा हक्कांकडे आधी पाहावे, कारण पुढे गोष्टी अडतात त्या तेथे. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाची आज्ञावली साहित्यकृती मानली जाते. त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये रीतसर प्रत बाळगणाऱ्याला आज्ञावलीमागच्या कल्पना आणि तत्त्वे समजून घेण्यासाठी तिचे निरीक्षण, अभ्यास आणि चाचणी करण्याची मुभा आहे. संरक्षण कल्पनेला नसून तिच्या मांडणीला असते, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात १९७८ साली स्पष्ट केले. तेव्हा पाच पट्ट्या आणि सहा रचना हे नियम म्हणून घेण्यात मला अडचण दिसत नाही. मूळ चित्रे, संगीत, संवाद, वंशांची वर्णने आणि कोड यांना मात्र हात लावू नये.

नाव ही आणखी वेगळी बाब आहे. 'ओरायन'चे हक्क २०१३ मध्ये वॉरगेमिंगने विकत घेतले आणि २०१६ मध्ये त्या नावाने नवा गेम आणला. हक्क जिवंत आहेत आणि वापरात आहेत. 'स्टार कंट्रोल २' चा सोर्स कोड मूळ निर्मात्यांनी २००२ साली खुला केला, पण व्यापारचिन्ह त्यांच्याकडे नसल्याने तो मुक्त गेम 'द अर-क्वान मास्टर्स' या नावाने वाढला. टाचणी यांनी सुचवलेल्या पुनर्निर्मितीनेही गेमचे आणि वंशांचे नाव बदलले आहे. तुम्हीही पहिल्या दिवसापासून दुसरे नाव घ्या. प्रकाशित करण्याची वेळ येईल तेव्हा वकिलाला कागद दाखवावेत, हे वेगळे सांगायला नको.

मुलुंडवासी:

सर्वांचे आभार. नावाचा प्रश्न भाच्याने जागच्या जागी सोडवला. ओरायन म्हणजे आपले मृग नक्षत्र, म्हणून गेमचे नाव 'मृग'. (व्याध यांना हे नाव फारसे सुखाचे वाटणार नाही, याची कल्पना आहे.) मूळ फायली अजिबात वापरायच्या नाहीत, हेही नक्की झाले. चित्रांचे काय करावे? जुना पिक्सेलचा बाज ठेवावा असे मला वाटते.

व्याध:

नाव मान्य आहे. बाण माझ्याच पायाला धरून सोडलेला दिसतो.

पिक्सेलचा बाज ठेवणार असाल तर एक बारीक गोष्ट सांभाळा. जुना गेम ३२० बाय २०० चा होता, पण तो दिसायचा चारास तीन प्रमाणाच्या काचेवर. म्हणजे तेव्हाचा पिक्सेल चौरस नव्हता, तो रुंदीच्या १.२ पट उंच होता. आजच्या पडद्यावर तेच चित्र एकास एक ठेवले की ग्रह बसके दिसतात, लाडू बोटाने दाबावा तसे. १६०० बाय १२०० वर आडवे पाच पट आणि उभे सहा पट केले की हिशेब बरोबर जुळतो, पण १०८० ओळींवर उंचीचे प्रमाण ५.४ पट येते आणि काही ओळी जाड, काही बारीक होतात. तुम्ही नवी चित्रे काढणार आहात, तेव्हा ती चौरस पिक्सेल धरूनच काढा आणि या कटकटीतून सुटा.

अनुस्वार:

मराठीबद्दल लिहितो, कारण दुसऱ्या एका गेमच्या भाषांतरात मी यात पोळलो आहे. देवनागरी अक्षर म्हणजे एकापुढे एक ठेवलेले ठसे नव्हेत. जोडाक्षरांची आणि वेलांट्यांची जुळणी इंजिनाला करता आली पाहिजे. आमच्या पडद्यावर 'स्थिती' या शब्दातली पहिली वेलांटी 'थ' च्या उजवीकडे जाऊन बसली होती आणि 'स' चा पाय मोडून हलन्त लोंबकळत होता. सहा महिन्यांच्या भाषांतराकडे लोक हसून पाहत होते. गोडो इंजिनाच्या चौथ्या आवृत्तीपासून ही जुळणी हार्फबझ या अक्षरजुळणीच्या लायब्ररीच्या साहाय्याने होते, म्हणून दोघांच्या हौशी कामासाठी मी तेच सुचवेन. दुसरे इंजिन निवडले तरी पहिल्याच दिवशी 'स्थिती', 'शक्ती', 'र्‍हास' आणि 'उत्क्रांती' हे चार शब्द पडद्यावर लिहून पाहा. आठ पिक्सेल उंचीच्या चौकटीत रफार आणि उकार दोन्ही मावत नाहीत, त्यामुळे बाज जुना ठेवलात तरी अक्षरे मोठीच लागतील. वाक्ये कोडमध्ये तुकड्यांनी जोडू नका. 'जहाज आले', 'नौका आली', 'जहाजे आली' यांत क्रियापद बदलते. इंग्रजी साच्यात नुसते नाव बदलून ते जमत नाही.

टाचणी:

कामाच्या क्रमाबद्दल एकच सांगतो. चित्रे सर्वांत शेवटी करा. आधी टर्नचे गणित नुसत्या मजकुरावर चालू द्या आणि त्याच बीजावरून (यादृच्छिक आकडे ज्यापासून निघतात त्या सुरुवातीच्या संख्येवरून) तोच डाव पुन्हा तंतोतंत उभा राहतो, याची रोज चाचणी घ्या. संगणक संगणकाविरुद्ध रात्रभर डाव खेळत राहिला की कोणता नियम लंगडा आहे ते सकाळी कळते. मूळ गेम वरच्या पातळ्यांवर संगणकाला उत्पादनात सवलत देतो. ती सवलत तुम्हीही द्याल, तर निदान ती पडद्यावर दाखवा. आजच्या खेळाडूला हरण्याचे वाईट वाटत नाही, फसवणुकीचे वाटते.

मुलुंडवासी:

रविवारपासून मजकुराच्या इंजिनाला सुरुवात करतो आहोत. एक शेवटची शंका आहे. परवा भाच्याने चुकून एक रचना मोडीत काढली आणि तिच्याबरोबर सगळे आरमार गेले. तो आता 'मागे घ्या' असे बटण मागतो आहे. द्यावे का?

व्याध:

टर्न संपेपर्यंत जरूर द्यावे, त्यानंतर नाही. आणि बटणापेक्षा आधी येणारी सूचना नीट लिहा. 'आपली खात्री आहे का?' असे विचारून काही साधत नाही, लोक न वाचता 'हो' दाबतात. 'या रचनेची ४३ जहाजे मोडीत निघतील. त्यांपैकी १२ आत्ता वेढा देऊन उभी आहेत' असे लिहा.

मुलुंडवासी:

भाच्याला वाचून दाखवले. त्याची ४३ नव्हती, ६१ होती, असे तो म्हणतो.