शब्दचर्चा : समलिंगी, तृतीयपंथी, एड्सग्रस्त

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनाला, गावातून फेरी काढायची आहे. फलकांचा मजकूर माझ्याकडे आला आहे. ‘एड्सग्रस्त’ लिहावं की ‘एचआयव्हीबाधित’? ‘समलिंगी’ बरोबर की ‘समलैंगिक’? ‘तृतीयपंथी’ चालतं का? कुणाचं मन दुखावू नये आणि मराठीही नीट असावी, एवढीच इच्छा.

उत्तर : मी स्वतः समलिंगी आहे आणि काही वर्षं एचआयव्ही समुपदेशनाचं काम केलं आहे. त्यामुळे हे शब्द कोशातून कमी आणि टेबलापलीकडे बसलेल्या माणसांच्या तोंडून जास्त ऐकले. माझी कसोटी साधी आहे : तो शब्द ‘मी’च्या पुढे लावता येतो का? ‘मी समलिंगी आहे’ हे मला आईला सांगता आलं. ‘मी पॉझिटिव्ह आहे’ असं लोक सांगतात, आवाज उतरवून का होईना, पण सांगतात. ‘मी एड्सग्रस्त आहे’ असं म्हणणारं माणूस मला आजवर भेटलेलं नाही. तो शब्द नेहमी दुसऱ्याबद्दलच वापरला जातो.

‘ग्रस्त’ हे मूळचं गिळणं. ग्रहण लागलेल्या अवस्थेत सूर्य उगवला तर पंचांग त्याला ग्रस्तोदित म्हणतं. तरी ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द लोक स्वतःला बिनदिक्कत लावतात. ‘आम्ही कोयनेचे प्रकल्पग्रस्त’ असं म्हणून मोर्चे निघतात, दाखले काढले जातात. तिथे दोष धरणाकडे असतो आणि माणसाकडे हक्क. ‘एड्सग्रस्त’ म्हटलं की हेच उलटं होतं. ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, ‘कुठे शेण खाल्लं असेल?’ प्रत्यय एकच, पण इथे हक्क जातो आणि दोष तेवढा पदरात पडतो. म्हणून मी तो लिहीत नाही.

शिवाय तो वैद्यकीयदृष्ट्याही चुकतो. एचआयव्ही हा विषाणू. त्याने प्रतिकारशक्ती पार ढासळल्यावर येणारी अवस्था म्हणजे एड्स. भारतात सरकारी केंद्रांतून एआरटीची, म्हणजे हा विषाणू दाबून ठेवणारी, औषधं २००४ पासून मोफत मिळतात. ती वेळेवर सुरू झाली आणि रोज घेतली, तर बहुतेकांना ती अवस्था कधी बघावीच लागत नाही. रक्तातला विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर त्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. फलकावर एकच वैद्यकीय वाक्य मावणार असेल तर हे घ्या. नवराबायको समोर बसलेली असताना हे वाक्य सांगितलं की बाईचा हात नवऱ्याच्या हाताकडे सरकतो, हे मी पाहिलं आहे. ‘एचआयव्हीबाधित’ चालेल, करोनाच्या काळात ‘बाधित’ अंगवळणी पडला आहे. मला मात्र ‘एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती’ अधिक आवडतं. लांब आहे, पण त्यात जगणं आहे.

‘समलिंगी’ आणि ‘समलैंगिक’ दोन्ही शुद्ध. पण मराठीत ‘लैंगिक’ हे विशेषण शिक्षण, शोषण, आजार यांच्या मागे इतकं लागलंय की ‘समलैंगिक’ ऐकताना कान थेट शय्येकडे जातो. माणसाबद्दल बोलताना ‘समलिंगी’ बरा. दोन पुरुष वीजबिल भरतात, सासऱ्यासारख्या म्हाताऱ्याचा डोळ्याचा चष्मा बदलून आणतात, हेही त्या शब्दात मावायला हवं. आमच्यातले पुष्कळजण सरळ ‘गे’ म्हणतात. पुण्यात समलिंगींच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये संस्था काढली तिचं नाव ‘समपथिक’. रुळला असता तर फार गोड शब्द होता.

‘तृतीयपंथी’ सरकारी कागदावर आहे, वर्तमानपत्रात आहे आणि हिजडा समाजातले अनेकजण स्वतःला म्हणवूनही घेतात. पण तो सगळ्यांना पुरत नाही. जन्माने मुलगी ठरवला गेलेला, पण स्वतःला पुरुष म्हणून ओळखणारा माणूस कुठल्या तिसऱ्या पंथात जाईल? त्याच्यासाठी ‘पारलिंगी’ वापरा. आपण कोण हे ज्याचं त्याने ठरवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथींच्या हक्कांबद्दलच्या १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालात म्हटलं. मराठीत तर ते क्रियापदातच ठरतं. एक तरुण व्यक्ती बाहेर रांगेत ‘मी सकाळीच आलो’ म्हणाली आणि दार लोटून आत बसल्यावर ‘मी घाबरून आले हो दादा’ म्हणाली. मी पुढचं सगळं बोलणं ‘तू कधी आलीस, काय खाल्लंस’ असंच केलं. खांदे सैल पडलेले दिसले. (कोल्हापूरकडच्या बायका ‘मी आलो’ म्हणतात तो प्रकार वेगळा. तिथे रूपावरून काही ठरवू नका.)

पुढचा प्रश्न : आभार. पण समलिंगी आणि एड्स हे शब्द एकाच फलकावर घ्यावेत का? आणि एक सहकारी म्हणतात, शब्दांचा काथ्याकूट करण्यापेक्षा आजार रोखा.

उत्तर : एकाच फलकावर नको. ही जोडी अमेरिकेतून आली. १९८१ मध्ये तिथे पहिली प्रकरणं समलिंगी पुरुषांत नोंदवली गेली आणि आजाराला सुरुवातीला आमचंच नाव चिकटवलं गेलं. भारतात १९८६ मध्ये पहिली नोंद चेन्नईत झाली ती देहविक्री करणाऱ्या स्त्रियांत, आणि इथली बहुतेक लागण स्त्री-पुरुष संबंधांतूनच झाली आहे. समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथी यांच्यात प्रमाण जास्त आहे, हेही खरं. ते लपवू नये. पण त्यामागे लपूनछपून जगणं आहे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ची भीती ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत डोक्यावर होती. अशात दवाखान्यात खरं कोण सांगणार?

तुमच्या सहकाऱ्यांना एवढंच सांगा. एका रुग्णालयात एका मुलाच्या केसपेपरवर लाल शाईत, अर्धं पान भरेल एवढं ‘एचआयव्ही’ लिहिलेलं होतं. वॉर्डबॉयपासून शेजारच्या खाटेपर्यंत सगळ्यांनी वाचलं. पुढच्या वेळी ताप अंगावर काढून तो घरीच राहिला, औषधंही सुटली. आजार वाढला तो त्या शाईमुळे. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी करायची नाही, परवानगीवाचून कुणाला सांगायचं नाही, नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करायचा नाही. त्यातला शब्द आहे ‘संरक्षित व्यक्ती’, म्हणजे एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती, आणि तिच्यासोबत एका घरात राहणारेही त्यात येतात.

फलकावर कवटी, साप, ‘एड्स म्हणजे मृत्यू’ काही नको. एकावर लिहा : ‘एचआयव्ही चाचणी सरकारी रुग्णालयात मोफत आणि गोपनीय. औषधंही मोफत.’ दुसऱ्यावर : ‘औषध रोज घेतलं, विषाणू सापडेनासा झाला, की संबंधातून लागण होत नाही.’ तिसऱ्यावर मदतवाहिनीचा क्रमांक १०९७, लांबून वाचता येईल एवढा मोठा.