नऊ वर्षांच्या मुलीचा बाप्तिस्मा आता करावा की थांबावे?

प्रश्न: परळची आई

सर्वांना सलाम. माझे माहेर भायखळ्याचे, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मराठी मंडळीतले. सासर मात्र केवळ विश्वास कबूल करणाऱ्यालाच आणि तोही पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळीतले आहे. मुलगी झाली तेव्हा दोन्ही घरांचे मन राखावे म्हणून आम्ही तिचे समर्पण केले, म्हणजे मंडळीत प्रार्थना करून तिला देवाच्या हाती सोपवले, आणि बाप्तिस्मा पुढे ढकलला. ती आता नऊ वर्षांची आहे. गेल्या ईस्टरपासून ती स्वतःहून बाप्तिस्मा मागते आहे. माझे वडील म्हणतात की आधीच फार उशीर झाला आहे. सासरचे पाळक म्हणतात की निदान बारा वर्षे पूर्ण होऊ द्यावीत. पवित्र शास्त्रात वयाची काही अट आहे का, आणि नऊ वर्षांचे मूल बालक समजावे की स्वतः उत्तर देणारे, हे जाणकारांनी सांगावे. आता बाप्तिस्मा दिला आणि मोठेपणी तो तिला अपुरा वाटला तर काय, हीही शंका मनात आहे.

उत्तर: निवृत्त शिक्षक, गिरगाव

ताई, शास्त्रात वयाचा आकडा कोठेही नाही. बारा हे वय बहुधा लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातून आले असावे. परंतु तेथे बारा वर्षांचा येशू वल्हांडण सणासाठी यरुशलेमेस गेल्याची हकिकत आहे, बाप्तिस्म्याची नाही. त्याचा बाप्तिस्मा झाला त्या सुमारास तो तीस वर्षांचा होता असे लूकच पुढे सांगतो, आणि तरीही तिसापर्यंत थांबा असा आग्रह कोणतीही मंडळी धरत नाही.

नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात लुदिया आणि फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी यांचा बाप्तिस्मा त्यांच्या घराण्यांसह झाला. त्या घरांत तान्ही मुले होती की नव्हती, हे मजकूर सांगत नाही. म्हणून दोन्ही पक्ष तीच वचने आपापल्या बाजूने उभी करत आले आहेत. शिवाय तो पहिल्या पिढीचा काळ होता. आपल्याकडेही बाबा पदमनजी यांनी 1854 मध्ये आणि नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तो समजत्या वयात, कारण ते हिंदू घरांतून आले होते. ख्रिस्ती घरात जन्मलेल्या मुलाचे काय करावे, हा प्रश्न दुसऱ्या पिढीपासून पडतो, आणि त्याचे उत्तर पहिल्या पिढीच्या उदाहरणांवरून काढता येत नाही असे माझे मत आहे.

जुन्या मंडळीतही एकमत नव्हते. इ. स. 200 च्या सुमारास कार्थेजच्या तर्तुल्लियन या ख्रिस्ती लेखकाने मुलांचा बाप्तिस्मा लांबवावा असे लिहिले. त्याच शहरात सुमारे अर्ध्या शतकाने बिशप सिप्रियन आणि त्याच्या सहकारी बिशपांनी जन्मानंतर आठव्या दिवसापर्यंतही थांबण्याचे कारण नाही असा निर्णय दिला. आपल्या मुलीला सर्वांत जवळचे उदाहरण मात्र पुढे थोर ख्रिस्ती धर्मपंडित झालेल्या ऑगस्टीनचे आहे. लहानपणी तो फार आजारी पडला, त्याने स्वतः बाप्तिस्मा मागितला, आईने तयारीही सुरू केली. पण तो बरा झाला आणि संस्कार पुढे ढकलला गेला, तो थेट 387 मध्ये, मिलान येथे वयाच्या बत्तिसाव्या वर्षी झाला. हे लांबवणे त्याला पुढे योग्य वाटले नाही. आज थांबा असे सांगणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आपल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियापुरते बोलायचे तर 1970 मध्ये नागपूरला सहा मंडळ्या एकत्र आल्या तेव्हा त्यांत विश्वास कबूल करणाऱ्यालाच बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्टही होते, म्हणून बालकांचा बाप्तिस्मा आणि विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा या दोन्ही पद्धती तेथे मान्य केल्या गेल्या. समर्पण करून थांबणे हा आपल्या मंडळीच्या नियमांबाहेरचा मार्ग नव्हता, हे वडिलांना अवश्य सांगावे. त्यांची काळजी निम्मी तरी कमी होईल.

उत्तर: कांदिवलीची बॅप्टिस्ट

मी वरील विवेचनाशी पूर्णपणे सहमत नाही. मार्काच्या शेवटच्या अध्यायात विश्वास आधी आणि बाप्तिस्मा नंतर असा क्रम आहे, आणि तो आमच्या दृष्टीने केवळ पहिल्या पिढीपुरता नाही. 1525 मध्ये झुरिचमध्ये काही जणांनी बालपणी झालेला बाप्तिस्मा पुरेसा न मानता प्रौढपणी पुन्हा घेतला, आणि त्या मतासाठी अनेकांनी पुढे प्राण दिले, ते याच क्रमासाठी. परंतु याच तत्त्वामुळे आम्हालाही वयाची रेषा आखता येत नाही. विश्वास ही अट असेल, तर बाराव्या वाढदिवसाला तो अचानक पुरा होतो असे म्हणण्यास आधार नाही.

माझा सल्ला असा की मुलीला हो किंवा नाही अशी उत्तरे येतील असे प्रश्न विचारू नयेत. येशू तुझा तारणारा आहे का, असे विचारले तर संडे स्कूलमध्ये वाढलेले कोणतेही मूल हो म्हणेल. त्याऐवजी बाप्तिस्मा कशासाठी हवा आहे, तो झाल्यावर काय बदलेल आणि काय बदलणार नाही, हे तिला तिच्या शब्दांत सांगू द्यावे. चुलत भावंडे प्रभुभोजन (उपासनेतील भाकर व द्राक्षारस) घेतात आणि आपण बाकावर बसून राहतो, एवढेच कारण निघाले तर थोडे थांबावे. तसे वाटणे चूक नाही, पण ते पुरेसेही नाही. आमच्या समजुतीनुसार बाप्तिस्मा ही साक्ष आहे आणि थांबल्याने तारण हुकत नाही, म्हणून उशीर होण्याची भीती बाळगू नये.

उत्तर: वसईचा, नोकरी चर्चगेटला

मी कॅथलिक आहे, त्यामुळे घरचा माणूस म्हणून नव्हे, शेजारी म्हणून लिहितो. आमच्याकडे जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत स्नानसंस्कार, म्हणजेच बाप्तिस्मा, करवून घेणे हे आईवडिलांचे कर्तव्य मानले जाते. मात्र सात वर्षे पूर्ण झाली की 1983 च्या धर्मसंहितेप्रमाणे मूल समजत्या वयाचे धरले जाते, आणि त्याच्या स्नानसंस्काराला प्रौढांचे नियम लागू होतात: त्याची स्वतःची इच्छा हवी आणि रीतसर शिकवणही हवी. म्हणजे बालकांना स्नानसंस्कार देण्यात कसूर न करणारी आमची ख्रिस्तसभादेखील आपल्या मुलीला तान्ह्या बाळांच्या रांगेत उभी करणार नाही, तिचे म्हणणे तिलाच विचारील.

वयावरून मुंबईत एकेकाळी न्यायालयापर्यंत वाद गेला होता. 1839 मध्ये स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी या पारशी तरुणाचा बाप्तिस्मा झाल्यावर त्याला परत मिळवण्यासाठी अर्ज झाला, आणि तो स्वतःचा निर्णय घेण्याइतका जाणता आहे असे न्यायालयाने ठरवले. तेथे पालकांचा विरोध होता. आपल्या घरी पालक आणि मुलगी एका बाजूला आहेत, वाद आहे तो फक्त मुहूर्ताचा.

परळची आई

सर्वांचे आभार. कांदिवलीच्या ताईंनी सुचवल्याप्रमाणे मुलीशी बोलले. भावंडांबरोबर प्रभुभोजन घ्यायचे आहेच, हे तिने लपवले नाही. पण प्रार्थना करताना आपण पाहुणे आहोत असे वाटते, असेही ती म्हणाली. पुन्हा बाप्तिस्मा घेण्याच्या शंकेचे उत्तर मात्र राहिले आहे.

निवृत्त शिक्षक, गिरगाव

बाप्तिस्मा एकदाच होतो, हे बहुतेक मंडळ्यांना मान्य आहे. 1982 मध्ये पेरूमधील लिमा येथे निरनिराळ्या मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी एकत्र तयार केलेल्या निवेदनातही पुन्हा बाप्तिस्मा दिल्यासारखे दिसेल असे काही करणे टाळावे असे म्हटले आहे. म्हणून पद्धत आताच अशी निवडावी की पुढे कोणत्याच घराला शंका उरू नये: मुलीने स्वतः विश्वास कबूल करावा, पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा व्हावा, आणि तो बुडवून व्हावा. माझ्यासारख्या शिंपडून बाप्तिस्मा झालेल्याला बुडवण्यात काहीच वावगे वाटत नाही. सासरच्यांना मात्र शिंपडणे खटकेल.

कांदिवलीची बॅप्टिस्ट

या मुद्द्यावर माझे आणि सरांचे जुळते. सासरच्या पाळकांना वय न विचारता, तयारीचे वर्ग कधी सुरू करता येतील आणि ते किती महिने चालतील, एवढेच विचारावे. तारीख वर्ग संपल्यावर, मुलीशी बोलून त्यांनीच ठरवावी.