अष्टमकर मूळचे अष्टमीचेच का? ‘कर’ लावलेल्या आडनावावर किती विसंबायचं?

कुंडलिकाकाठ
अष्टमकर हे आडनाव कानावर पडलं की बहुतेकांची गाडी तिथीकडे वळते. कुणी पूर्वज अष्टमीला जन्मला असेल, घरात अष्टमीचं व्रत असेल, वगैरे. तिथीचा इथे काडीचा संबंध नाही. रायगड जिल्ह्यात रोह्यासमोर कुंडलिका नदीच्या पलीकडच्या काठाला अष्टमी नावाचं गाव आहे. नगर परिषदेचं नावही ‘रोहा अष्टमी’. तिथले ते अष्टमकर. हे आडनाव मुख्यतः बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंमध्ये आढळतं. ही मंडळी आता भारतात काही हजारच उरली आहेत, तेव्हा आडनाव दुर्मीळ असणारच.

माझं म्हणणं थोडक्यात असं. कुळकर्णी, देशपांडे, चिटणीस ही हुद्द्यावरून पडलेली आडनावं. ती कुठेही सापडतात, त्यावरून गाव कळत नाही. जाधव-मोऱ्यांचंही तेच. पण एखाद्या लहानशा गावावरून पडलेलं दुर्मीळ आडनाव हा त्या घराण्याच्या ठिकाणाचा पक्का पुरावा असतो. रोहा आणि अष्टमी आज एकाच नगर परिषदेत आहेत, परगावच्या माणसाला तर ती एकच वाटतात, तरी रोहेकर वेगळे आणि अष्टमकर वेगळे. सरकारी दप्तराने पुसलेला फरक आडनावाने जपला.

पेणकर, झिराडकर, केहिमकर, पेझारकर, वाक्रुळकर, चेऊलकर. पेण, झिराड, किहीम, पेझारी, वाक्रुळ, चौल. नकाशावर टिंबं देत जा, अलिबाग-पेण-रोह्याचा पट्टा आपोआप भरत जातो. बेने इस्रायलींची अशी गावावरची आडनावं शंभराच्या वर आहेत. या समाजाची जुनी कागदपत्रं फारशी हाती नाहीत, ते काम आडनावांनी केलंय.

असहमत असणाऱ्यांनी कारणांसह यावं.

मोडीवाला
असहमत, आणि कारण अगदी साधं आहे. ‘कर’ आपण स्वतःला लावत नाही, लोक लावतात, आणि तेही गाव सोडल्यावर. अष्टमीत शेजाऱ्याला अष्टमकर म्हणून कोण हाक मारेल? तिथे तर सगळेच अष्टमकर! तो पेणला किंवा मुंबईला गेला की तिथले विचारणार, कुठला रे तू? त्याच्या उत्तराला ‘कर’ चिकटला की झालं आडनाव.

म्हणजे हे आडनाव निघून गेलेल्यांचं आहे. जे अष्टमीतच राहिले त्यांना त्याची गरजच नव्हती. गावच्या जुन्या मोडी कागदांत साधारण ‘अमका बिन तमका’ असं सापडतं, पुढे जात किंवा धंदा. (हे ‘बिन’ फारसी-अरबी वळणाने आपल्या दप्तरात आलं आणि हिब्रूतल्या ‘बेन’चं ते भावंड. कोकणातल्या ज्यूला आपलं नाव कागदावर पाहून परकं वाटलं नसेल!) लग्नाच्या करारपत्रात, म्हणजे कतुब्यातही नाव आणि बापाचं नाव हीच रीत. आडनाव पक्कं होतं ते पलटणीच्या हजेरीपटावर, कचेरीत, शाळेच्या दाखल्यावर.

त्यामुळे तुमच्या नकाशावरची टिंबं ‘कुठे राहत होते’ हे सांगत नाहीत. नावनिशी लिहून घेणाऱ्या कारकुनासमोर उभं राहण्याआधी शेवटचा मुक्काम कुठे होता, एवढंच सांगतात. पणजोबा अष्टमीचे, आजोबा पेणला गेले, बाप पेणहून मुंबईला. आता मुलगा अष्टमकर की पेणकर? दोन सख्खे भाऊ वेगवेगळ्या वेळी निघाले तर एक हा होईल, दुसरा तो.

दर्यावर्दी
मोडीवाल्यांना दुजोरा, जरा वेगळ्या बाजूने. बेने इस्रायलींची स्वतःची परंपरा काय सांगते? फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांची प्रेतं नवगावलाच पुरली. आजही तिथे त्यांचं स्मारक आहे. म्हणजे सगळ्या समाजाचं मूळ गाव एकच, नवगाव.

मग आडनाव जर मूळ गावाचा पक्का पुरावा असेल तर सगळे नवगावकर का नाहीत? नवगावकर आहेत, पण बाकीच्या शंभरांतलं ते एक. यातच सगळं आलं.

कुंडलिकाकाठ
दर्यावर्दी, यात काहीच आलं नाही. नवगावची कथा हा त्यांचा ठेवा आहे, त्याबद्दल आदरच आहे, पण ती समाजाच्या आरंभाची कथा. मी आरंभाबद्दल बोलतच नाहीये. पिढ्यान्‌पिढ्या कुठे नांदले, याबद्दल बोलतोय. आडनाव त्या मधल्या काळाचं आहे.

मोडीवाला, ‘शेवटचा मुक्काम’ हे ऐकायला छान आहे, पण गाव म्हणजे धर्मशाळा आहे का? इंग्रजी अमदानीत मुंबईकडे ओघ सुरू होण्याआधी कोकणातला सामान्य माणूस गावं अशी बदलत फिरत नव्हता. त्यात यांचा पिढीजात धंदा पाहा. तेलघाणा पाठीवर घेऊन कोणी हिंडत नाही.

घाण्याचा बैल
धंद्याचा विषय निघालाच आहे तर लिहितो. कोकणात यांना ‘शनवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी घाणा बंद. (बाकीच्या तेल्यांचा सोमवारी बंद, म्हणून ते सोमवार तेली.) आता घाण्याचं गणित मांडा. लहान गावाला एक घाणा पुरतो, मोठ्या गावाला दोन-चार. दहा तेली एका खेड्यात बसले तर नऊ उपाशी मरतील. त्यामुळे मुलगे वाढले, की एकाने बापाचा घाणा चालवायचा आणि दुसऱ्याने पलीकडच्या, बिनतेल्याच्या गावी जायचं.

म्हणून हा समाज एका जागी न साचता इतक्या गावांत विरळ पसरला. शेतकरी किंवा कोळी असे पसरत नाहीत. आणि म्हणूनच त्यांच्या आडनावांची संख्या मोठी आणि प्रत्येक आडनावाची माणसं थोडी. दुर्मीळपणा आजचा नाही, तो धंद्यातूनच आलाय.

यातून निघतं ते कुंडलिकाकाठ यांच्या बाजूचं आहे. लहान गावात मुळात एक-दोनच घरं होती, तर पेझारकर किंवा वाक्रुळकर हे एकाच घराण्याचे असण्याची शक्यता बरीच. पेणकरांबद्दल मात्र असं छातीठोक म्हणवत नाही, पेण मोठं.

गावपाटील
आमच्याकडे अर्धा गाव एकाच आडनावाचा, पोस्टमन घराण्याची टोपणनावं पाठ करून आलाय. शंभर आडनावांचा हेवा वाटला. चालू द्या.

मोडीवाला
घाण्याचा बैल यांचा मुद्दा या धाग्यातला आतापर्यंतचा सर्वांत वजनदार आहे. पण तो नीट वाचला तर माझ्याच बाजूला येतो. दर पिढीत एक मुलगा पलीकडच्या गावी जात होता असं ते म्हणतायत ना? मग ‘गाव म्हणजे धर्मशाळा आहे का’ याचं उत्तर मिळालंच की. धर्मशाळा नसेल, पण दोन-तीन पिढ्यांचं बिऱ्हाड नक्की. आडनाव त्यातल्या एका बिऱ्हाडाचं.

आता गावाच्या नावाबद्दल. ‘अष्टमी’ला तिथे दुसरी जोडीदार नाही म्हणून तुम्हाला सोपं वाटतंय. ‘दिवेकर’ घ्या. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १७९६ साली बांधणारे सामाजी हसाजी, म्हणजे सॅम्युएल इझिकेल, हे दिवेकर. कुठलं दिवे? श्रीवर्धनकडे दिवेआगर आहे, सासवडच्या वाटेवर दिवे आहे, भिवंडीकडे दिवे अंजूर आहे. नागावकर म्हणा, अलिबागेत नागाव, उरणातही नागाव. शिवाय दिवेकर, पेणकर, चौलकर हिंदूंमध्येही ढिगाने आहेत आणि गावाला ‘कर’ जोडण्याची रीत कोकणी मुसलमानांतही तितकीच रुळलेली. म्हणजे आडनावावरून ना धर्म कळतो, ना जात. गाव कळलं तर कळलं.

आणि तेही नाव बदललेलं नसेल तर. सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण देतो. बाबासाहेबांचं घराणं सकपाळांचं, गाव मंडणगडजवळचं आंबडवे. त्यावरून आंबडवेकर, आणि शाळेत शिक्षकांच्या आडनावावरून आंबेडकर. नुसत्या आडनावावरून माग काढणारा ‘आंबेड’ शोधत फिरेल. आपल्याला खरं गाव माहीत आहे ते इतर नोंदींमुळे, आडनावामुळे नाही.

लोहमार्ग
तुम्ही सगळे उगमावरच अडकलात. धाग्यात ‘आढळ’ही यायला हवा. बेने इस्रायल इंग्रजांच्या पलटणीत गेले, आरमारात गेले, पुढे रेल्वे आणि पोस्ट-तार खात्यात तर फारच. जिथे बदली तिथे बिऱ्हाड. कराचीत १८९३ साली सिनेगॉग उभं राहिलं, अहमदाबादेत १९३४ साली, दोन्ही यांच्या वस्तीमुळे. मूळ खेड्यात एक घर उरलं नसेल तेव्हा त्याच खेड्याचं आडनाव लावणारा माणूस कराचीच्या फलाटावर हिरवा बावटा दाखवत असेल.

१९४८ नंतर तर तराजूच उलटा झाला. १९५०च्या सुमाराला भारतात साधारण २०,००० होते, त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले. दिमोना, अश्दोद, बीरशेबा, लोद ही नावं आता रोहा-पेणइतकीच त्यांची आहेत. तिथेही सुरुवातीला ‘तुम्ही पुरते ज्यू का’ म्हणून लग्नाच्या वेळी अडवणूक झाली, आंदोलनं झाली, १९६४ साली सरकारने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं. म्हणजे एका रायगडी खेड्याचं नाव आज त्या खेड्यापेक्षा नेगेवच्या वाळवंटात जास्त घेतलं जात असेल, आणि घेणाऱ्यांतल्या पुष्कळांनी ते खेडं पाहिलेलंही नसेल.

नकाशावेडी
लोहमार्ग, आढळ हवा हे मान्य, पण तो मोजणार कसा? आपल्या जनगणनेत आडनावनिहाय आकडे प्रसिद्ध होतच नाहीत. आडनाव टाकलं की जगाचा रंगीत नकाशा दाखवणारी संकेतस्थळं आहेत, त्यांच्यावर माझा तरी विश्वास नाही. ती रोमन स्पेलिंग धरतात. किहीम गावावरून केहिमकर, चौलवरून चेऊलकर, हे आपल्याला मराठीत दिसतं म्हणून कळतं. यंत्राला स्पेलिंग बदललं की वेगळंच आडनाव वाटतं. हिब्रूत तर बरेचसे स्वर लिहितच नाहीत, तिथून पुन्हा रोमनमध्ये आलं की आणखी नवं रूप.

दुसरी अडचण मोठी. अनेकांनी ‘कर’ सोडून बापाचं किंवा आजोबाचं नाव आडनावासारखं लावलं. इझिकेल, मोझेस, सॅमसन, रूबेन, बेंजामिन. सिनेमातले डेव्हिड आठवा, ‘बूट पॉलिश’वाले. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर, पण पडद्यावर नुसतं डेव्हिड. मतदार यादीत चेऊलकर शोधणाऱ्याला अशी माणसं कशी सापडणार? त्यामुळे ‘दुर्मीळ’ हा शब्दही जपून वापरावा. आडनाव लावणारे दुर्मीळ असतील, त्या घराण्याचे लोक तितके नसतीलही.

दर्यावर्दी
२०१६ साली त्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ज्यू आणि स्थानिक भारतीय, असा दोन्हीकडचा वारसा मिळाला. ज्यू वाटा पुरुषांकडून जास्त, स्थानिक वाटा स्त्रियांकडून जास्त. समाजाचा उगम शोधायचा तर तिकडे बघा. आडनाव त्या मानाने कालचं पोर.

कुंडलिकाकाठ
दर्यावर्दी, जनुकं अष्टमी आणि रोहा यांतला फरक सांगणार आहेत का? कुंडलिकेचा कुठला काठ, हे फक्त आडनावच सांगतं. माझा दावा तेवढाच आहे.

मोडीवाला, आंबेडकरांचं उदाहरण मला उलटं वाटतं. आडनाव बदलूनही ते मंडणगडच्या त्या गावाशी जोडलेलंच राहिलं. सकपाळ ठेवलं असतं तर नुसत्या आडनावावरून आंबडवे कुणी सांगितलं असतं? पुरावा पक्का म्हणजे एकट्याने फिर्याद जिंकणारा, असं मी म्हटलेलं नाही. गावांच्या यादीशी, जमिनीच्या नोंदीशी ताडून बघायचाच. पण सुरुवात कुठून करायची ते आडनाव सांगतं. यांना ना कुलदैवत, ना त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडच्या वह्यांत नोंद. तो सगळा मार्ग इथे बंद. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली समाजाचा इतिहास लिहून काढला, तो छापून आला १९३७ साली, तेल अवीवला. चाळीस वर्षं हस्तलिखित पडून! अशा ठिकाणी आडनाव टाकून द्यायची चैन परवडत नाही.

घाण्याचा बैल
वाद मिटवायचा एक मार्ग सुचतो. अलिबाग परिसरात त्यांच्या जुन्या दफनभूमी आहेत, शिळांवर हिब्रूच्या जोडीला मराठी मजकूरही असतो. मोडीवाल्यांचं खरं असेल तर एखाद्या गावच्या जुन्या शिळांवर त्याच गावाचा ‘कर’ सापडता कामा नये. सापडला, तर गावात राहूनही लोक ते आडनाव लावत होते, आणि कुंडलिकाकाठ यांचा मुद्दा बळकट. अलिबागला इस्रायल आळी आहेच, तिथे चौकशी केली तर कुठली दफनभूमी कुठे ते कळेल. जाणाऱ्याने शिळेवरचं सालही टिपून आणावं. सालाशिवाय उपयोग नाही.

मोडीवाला
जरूर जा, फोटो टाका. पण सापडला तरी मी इतक्यात मानणार नाही. ती शिळा मुंबईत नोकरीला असलेल्या मुलाने पैसे पाठवून बसवलेली असणार, आणि आडनाव त्याच्या पगारपत्रकावरचं.

कुंडलिकाकाठ
म्हणजे सापडलं नाही तर तुमचं खरं, आणि सापडलं तरी तुमचंच! मग जुनी शिळाच बघू, मुंबईचा पगार सुरू होण्याआधीची. चालेल?

मोडीवाला
चालेल. पण वाचायला मला बोलवा, तारखा हिब्रू कालगणनेच्याही असतील.